कात्रज ते सिंहगड: दिवसाउजेडी, भावंडासोबत

कात्रज-सिंहगड ट्रेकचं नाव काढलं की पुण्यात एक सल्ला हमखास मिळतो: पौर्णिमेच्या रात्री जा. चांदण्यात डोंगराची ती धार सुंदर दिसते यात वाद नाही. पण माझा धाकटा भाऊ नोकरीला बंगळूरला असतो आणि घरी येतो तो दिवाळीत. भाऊबीज म्हणजे कार्तिक शुद्ध द्वितीया. त्या दिवशीची कोर सूर्यापाठोपाठ मावळते, पुढे सगळी रात्र अंधार. म्हणून आम्ही हा ट्रेक दिवसा करायला लागलो, भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी पहाटे. आता मला कुणी विचारलं तर मी पहिल्या खेपेला दिवसाच जा म्हणते. दोघंच असाल तर नक्कीच. मोठ्या ग्रुपमध्ये एकाचा पाय मुरगळला तर चारजण मिळून त्याला उतरवतात. दोघांत मुरगळला तर एक जागेवर बसून राहतो आणि दुसऱ्याला अंधारात डोंगराच्या अनोळखी सोंडेवरून मदत शोधत फिरावं लागतं.

सिंहगड ज्या भुलेश्वर रांगेवर आहे तिच्याच धारेवरून ही वाट जाते. सुरुवात कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाजवळून. शेवट सिंहगडाच्या घाटरस्त्यावर. मधलं अंतर साधारण पंधरा-सोळा किलोमीटर, आणि त्यात टेकडी चढा, माथ्यावर या, पलीकडे उतरा, खिंडीतून परत चढा, हा एकच उद्योग. टेकड्या किती, यावर एकमत नाही. कुणी तेरा म्हणतं, कुणी सोळा. मधले बारके उंचवटे धरायचे की सोडायचे यावर आकडा ठरतो. बऱ्यापैकी चालणाऱ्याला सहा ते आठ तास लागतात. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते: वाटेत पाणी नाही. टाकं नाही, झरा नाही, ताक विकणारी मावशी नाही. सावलीही जवळजवळ नाहीच.

जायचं कात्रजकडून सिंहगडाकडे, उलटं नाही. चाल पूर्वेकडून पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळभर ऊन पाठीवर राहतं, डोळ्यात येत नाही. शेवटी गडावर जेवण मिळतं, हे दुसरं कारण. खरं तर पहिलंच. मात्र मान भाजून निघते, तेव्हा टोपीखालून मागे पंचा किंवा ओढणी सोडा.

हंगाम ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो, पण मुरमावर चिखलाचा थर बसतो आणि ढग उतरले की पुढची टेकडीच गायब होते. मार्चपासून ऊन सोसवत नाही, आणि वाळलेल्या गवताला वणवे लागतात. निघण्याआधी वनखात्याचे सध्याचे नियम विचारून घ्या, ते अधूनमधून बदलतात.

तयारी: चढाची नाही, उताराची

लोक तयारी म्हणून पर्वतीच्या पायऱ्या चढतात. चढायला हरकत नाही, पण या वाटेवर माणूस मोडतो तो उतारावर. चढताना मांडीचा स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, आणि त्याची ही सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. म्हणून पर्वती चढलात तर उतरताना धावू नका, एकेक पायरी सावकाश, गुडघा वाकवून उतरा. वेताळ टेकडी किंवा तळजाई जवळ असेल तर तिथला दगडगोट्यांचा उतार आणखी कामाचा. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड चढून उतरणं ही सगळ्यात चांगली परीक्षा. ती दोघांनाही सहज जमली तर कात्रजकडून निघायला हरकत नाही. माझा भाऊ बंगळूरला राहत्या इमारतीचे मजले लिफ्टने वर जाऊन जिन्याने उतरतो. शेजारी चमत्कारिक बघतात म्हणे. बघू देत.

बूट खोल नक्षीच्या तळव्याचे हवेत. महाग असायला नकोत, पण तळवा झिजलेले जुने स्पोर्ट्स शूज 'संपवायला' म्हणून आणू नका. नवे कोरेही नकोत, आधी आठवडाभर रोज घालून फिरा.

सामानाचा आमचा नियम असा की वाटणी करायची नाही. आई म्हणते, तू खाणं घे, तो पाणी घेईल. अजिबात नाही. वाटेत दोघांत अंतर पडतं, आणि पाणी शंभर पावलं पुढे आणि तहान मागे असं होतं. प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं त्याचं चार लिटर पाणी, त्याचा हेडटॉर्च, त्याचं खाणं, शिट्टी. चार लिटर म्हणजे चार किलो, सुरुवातीला जड वाटतं. बाह्यवळणावरच्या नव्या बोगद्याच्या माथ्यावर येईपर्यंत कुरकुर चालते, मग बंद होते. एका बाटलीत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू घाला. पोटरीत गोळे यायला लागल्यावर ते पिण्यात अर्थ नाही, सुरुवातीपासून घोटघोट प्यायचं. सामायिक पिशवीत फक्त क्रेप बँडेज, चिकटपट्टी, छोटी कात्री आणि चिमटा. चिमटा विसरू नका, काटे आणि कुसळं काढायला तोच लागतो.

दिवाळीत जात असाल तर फराळ नेणार हे उघड आहे, पण निवडून न्या. चिवडा नको: धारेवर वारा असतो आणि मूठ तोंडापर्यंत पोचेस्तोवर निम्मे पोहे पुण्याकडे उडतात. बेसनाचा लाडू कोरड्या घशात चिकटतो. चकली पिशवीत मोडते, पण खारट म्हणून चुरासुद्धा चालतो. सगळ्यांत उत्तम शंकरपाळे. मोडत नाहीत, उन्हाने खराब होत नाहीत, चालता चालता एकेक तोंडात टाकता येतात. खिशातच ठेवायचे, बॅगेत नाही. बरोबर पोटाला म्हणून दशमी किंवा गूळपोळी, थोडे शेंगदाणे. केळी शेवटपर्यंत टिकत नाहीत, खायची तर पहिल्या तासात.

मागे पडणारा पुढे

आता मुद्द्याचं. मित्रांबरोबर चालताना माणूस दम लागला तरी लपवतो. भावंडासमोर लपवत नाही, उलट वाढवून सांगतो. आणि समोरचा लहानपणापासून ते ऐकत आलेला, त्यामुळे तो खरं धरत नाही. भाऊ 'पाय गेले' म्हणाला की मला त्याचं शाळेच्या दिवशीचं पोट दुखणं आठवतं. त्यालाही माझं काही ना काही आठवत असणारच. म्हणून आमचे नियम घरी ठरतात, पाडव्याच्या जेवणानंतर, बूट पायात नसताना.

पहिला: जो हळू तो पुढे. भाऊ रोज पळतो, चढावर माझ्या दुप्पट वेगाने जाऊ शकतो, म्हणून चढावर मी पुढे. तो पुढे असला की काय होतं? तो वर जाऊन थांबतो, मी धापा टाकत पोचते, आणि मी पोचले की तो म्हणतो, "चल." त्याची विश्रांती झालेली, माझी व्हायचीय. असं तीन टेकड्या झालं की भांडण ठरलेलं. उतारावर गंमत उलटी होते. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या मुरमाच्या उतारावर, तो बिचकतो, मी त्यातल्या त्यात बरी. मग तिथे तो पुढे. फक्त एक काळजी: उतारावर मागच्याच्या पायाखालून दगड सुटतात. त्यामुळे बरोब्बर एकामागे एक, एका रेषेत उतरायचं नाही, थोडं बाजूला राहायचं आणि दगड सुटला की मोठ्याने "दगड!" ओरडायचं. "अरे जरा बघ हं" म्हणेपर्यंत दगड पोचलेला असतो.

वेगाचं माप सोपं आहे. चढावर पुढच्याला एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की पावलं लहान करा; थांबू नका, लहान करा. मागच्याने अधूनमधून मुद्दाम काहीतरी विचारायचं. हो-नाहीने उत्तर देता येईल असं विचारलं तर त्याचा उपयोग नाही. "मामीने फटाक्यांवरून काय गोंधळ घातला ते सांग," असं काहीतरी.

घरचे जड विषय मात्र चढावर काढायचे नाहीत. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन, गावाकडचं घर, तू परत पुण्याला कधी येणार, हे सगळं भावंडं एकत्र आली की निघतंच. निघू दे, पण माथ्यावरच्या सपाटीला. चढावर दम लागलेला असताना साधा प्रश्नही टोमण्यासारखा बाहेर पडतो.

दुसरा नियम थांबण्याचा. मध्येच चढावर बसायचं नाही, माथा गाठून थांबायचं, तेही पाच मिनिटं, बॅग न उतरवता. बॅग उतरवून, बूट सैल करून बसायचं ते दोनदाच. बूट पूर्ण काढायचे तेव्हाच मोजे उलटे करून कुसळं काढा. टाचेपाशी एखादा लाल चट्टा गरम लागत असेल तर तिथे लगेच चिकटपट्टी. फोड आल्यावर लावलेली पट्टी ही नुसती समजूत.

तिसरा: दोघांपैकी कुणीही "बास" म्हटलं की बास. कारण विचारायचं नाही, 'एवढं आलोय आता' म्हणायचं नाही, डांबरी रस्ता लागेपर्यंत त्यावर चर्चा नाही. हा नियम ताईगिरी करणाऱ्या थोरल्या भावंडांना जास्त जड जातो. मलाही जातो. पण त्याचा फायदा असा की शब्द हाताशी आहे हे माहीत असलं की माणूस तो सहसा वापरत नाही.

आणि माथे मोजायचेच असतील तर व्याख्या आधी ठरवा. काही ठिकाणी वाट माथ्यावर न जाता टेकडीच्या कुशीतून वळसा घालते. वळसा घेतला तर ती टेकडी मोजायची नाही, आणि दोघांनी माथ्याला पाय लावल्याशिवाय ती झाली असं धरायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे. मला स्वतःला वळसे प्रिय आहेत. भावाला नाहीत. शेवटी सगळे माथे होतात, आणि मी ते का होऊ देते कोण जाणे.

वाट आणि घसारा

बोगद्यापाशी पहाटे साडेपाचला असा. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्य साडेसहाच्या आगेमागे उगवतो, म्हणजे पहिला चढ टॉर्चच्या उजेडात आणि उरलेलं सगळं दिवसा. दुचाकी घेऊन येऊ नका. तुम्ही उतरणार सिंहगडाला आणि गाडी राहणार कात्रजच्या घाटात. थकलेल्या पायांनी ती आणायला कोण जाणार यावर आणखी एक भांडण. कात्रजपर्यंत बस आणि पुढे घाटात रिक्षा, एवढं पुरतं. रिक्षा पहाटे मिळणार नाही असं वाटत असेल तर आदल्या दिवशीच बोलून ठेवा.

सुरुवातीच्या टेकड्यांवर डावीउजवीकडे खुणा भरपूर आहेत. उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, जांभूळवाडीचा तलाव आणि अख्खं पुणे. पुढे बाह्यवळणावरचा नवा बोगदा तुमच्या पायांखालून जातो, ट्रकांची घरघर वर ऐकू येते. डावीकडे शिवापूर-कोंढणपूरची शेतं. आणि समोर सिंहगडावरचे टॉवर. ते दिसत असले की दिशा चुकत नाही, पण वाट चुकू शकते, हे लक्षात ठेवा.

चुकते ती अशी. मुख्य धारेला दोन्ही बाजूंना सोंडा फुटतात आणि त्यांवर गुरांच्या ठळक वाटा असतात. माथ्यावरून पुढे निघताना जी वाट जास्त मळलेली ती बरोबर, असं धरून चाललात तर कधीकधी थेट एखाद्या वाडीत उतराल. प्रत्येक माथ्यावर उभं राहून पुढची खिंड डोळ्यांनी शोधायची आणि धार त्या खिंडीतच उतरते आहे ना, ते बघून मगच पाऊल टाकायचं. उतारावर खिंड समोर दिसेनाशी होऊन बाजूला सरकायला लागली की समजा सोंडेवर आलात. तिथूनच परत वर. फोनमध्ये आधीच नकाशा आणि मार्ग उतरवून ठेवा, दोघांच्याही फोनमध्ये.

आता घसारा. खाली कडक जमीन, तिच्यावर हरभऱ्याएवढ्या मुरमाचा सुटा थर, आणि उतार असा की खालची खिंड बुटांच्या टोकांच्या मधून दिसते. पहिली इच्छा होते मागे रेलायची. तिथेच घसरतो माणूस: वजन टाचेवर जातं, टाच मुरमावरून निसटते आणि बसकण बसते. उलट करायचं. गुडघे वाकवा, वजन किंचित पुढे, पावलं अर्धी, अख्खा तळवा एकदम टेकवायचा. फार उभं असेल तर अंग आडवं करून, पावलं उताराला आडवी टाकत तिरकं उतरायचं. आधाराला गवत धरायचं तर झुपका बुडाशी धरा, वाळलेला शेंडा धरला तर तो हातात येतो. अगदीच भीती वाटली तर सरळ खाली बसा आणि हात टेकत सरका. पँटचं काय व्हायचं ते होवो. उतार सुरू होण्याआधी बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट करा, म्हणजे बोटं पुढे आपटून नखं काळी होत नाहीत. चालायची काठी एकच असेल तर ती उतारावर बिचकणाऱ्याकडे.

हात टेकण्याआधी मात्र जागा बघा. फुरसं हा विषारी साप, बारका असतो आणि मातीच्याच रंगाचा. उन्हं वर आली की दगडाच्या फटीत न बघता बोटं घालायची नाहीत. बिबट्याचाही या भागात वावर आहे. पहाटेच्या अंधारात दोघांनी जवळ राहा आणि बोलत चला. भावंडांना हे सांगावं लागत नाही.

जसजसं सिंहगडाकडे जाल तशा टेकड्या जास्त अंगावर येतात, आणि नेमके तेव्हाच पाय दमलेले असतात. म्हणून अकराच्या सुमाराला एक हिशेब करायचा: दोघांचं पाणी मिळून किती उरलंय, आणि समोर किती माथे दिसतात. एकाचं जरी एका लिटरच्या खाली गेलं असेल आणि पुढे अजून निम्मी वाट असेल, तर उतरायचं. दक्षिणेच्या, कोंढणपूरच्या बाजूला गावं जवळ आहेत आणि तिथे रस्ता मिळतो. दुखापत असेल आणि उतरणं शक्य नसेल तर ११२ ला फोन करा आणि नकाशावरची जागा सांगा. धारेवर बऱ्याच ठिकाणी रेंज मिळते. घरी आईला वेळ सांगताना दोन तास वाढवून सांगा आणि त्या वेळेनंतर फोन आला नाही तर कुणाला कळवायचं तेही सांगून ठेवा. आमची आई तरी वाढवलेल्या वेळेच्या तासभर आधीच फोन सुरू करते.

शेवटच्या उतारावरून घाटरस्त्याला लागलात की माथे संपले, गड नाही संपला. वर वाहनतळापर्यंत डांबरी चढ उरतो आणि तो सगळ्यात कंटाळवाणा. एखादी वर जाणारी जीप मिळाली तर बसा, त्यात कमीपणा नाही. माथे सगळे पायी झालेले आहेत.

पुणे दरवाज्यातून आत गेल्यावर आधी ताक, मग पिठलं-भाकरी, भरीत, ठेचा, शेवटी मडक्यातलं दही. भजी मागवली तर एकच प्लेट, कारण पोटात भूक वाटते त्यापेक्षा जागा कमी असते. अंगात त्राण असेल तर देवटाक्याकडून तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपर्यंत जाऊन या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री माणसं हा कडा कशी चढली असतील, हा विचार दिवसभर टेकड्या घासून आल्यावर जरा वेगळ्या आदराने येतो. भाऊ तिथे दर वेळी बूट काढून उभा राहतो.

परतीला आतकरवाडीच्या वाटेने उतरू नका, गुडघ्यांवर उपकार करा. वाहनतळावरून प्रवासी जीप पायथ्याला सोडतात, तिथून स्वारगेटकडे पीएमपीची बस. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी जीपला रांग लागते, चारच्या आत निघालात तर बरं. घरी पोचल्यावर मोजे इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. कुसळं धुण्यात निघत नाहीत, दुसऱ्या कपड्यांत जातात. आमच्याकडे ती दिवाळीच्या नव्या साडीच्या काठात निघाली होती, आणि साडी आईची होती.